आधी शिकाऊंचे विमान : डॉ. विष्णू माधव घाटगे

दाबोळी विमानतळाकडून बोगमाळोकडे जाताना लागणाऱ्या नौदलाच्या विमान संग्रहालयात पर्यटकांची गर्दी होते ती प्रामुख्याने भल्यामोठ्या सुपर कॉन्स्टेलेशनभोवती किंवा सी हॅरियरसमोर. याच संग्रहालयात एक छोटे, दोन आसनांचे, एकाच पंख्याचे विमानही आहे. त्यावर क्षेपणास्त्रे नाहीत, त्याने कोणतेही युद्ध जिंकलेले नाही, आणि त्याच्यापाशी फार वेळ कोणी थांबतही नाही. त्याचे नाव एचटी-२, म्हणजे हिंदुस्तान ट्रेनर-२. स्वतंत्र भारतात अभिकल्पित होऊन येथेच बांधले गेलेले आणि मोठ्या संख्येने सेवेत दाखल झालेले हे पहिले विमान. त्यामागे ज्यांची बुद्धी आणि चिकाटी होती ते डॉ. विष्णू माधव घाटगे कोल्हापूर जिल्ह्याच्या सीमाभागात, गोव्यापासून घाटमाथ्यावरच्या एका दिवसाच्या प्रवासाइतक्या अंतरावर जन्मले होते.

घाटगे यांचा जन्म २४ ऑक्टोबर १९०८ रोजी गडहिंग्लज परिसरातील हसूरचंपू या लहानशा गावी झाला. राइट बंधूंनी अमेरिकेतील किटी हॉकच्या वाळूवर आपले पहिले यंत्रचलित उड्डाण केले त्याला तेव्हा जेमतेम पाच वर्षे होत होती. भारतात विमान प्रत्यक्ष उडण्यास अजून दोन वर्षांचा अवधी होता. घाटगे अडीच वर्षांचेही नव्हते तेव्हा, फेब्रुवारी १९११ मध्ये, अलाहाबादहून नैनीपर्यंत विमानाने टपाल नेण्याचा जगातील पहिला प्रयोग झाला. त्यांचे बालपण आणि विमानविद्येचे बालपण असे एकाच काळातले. मात्र या दोहोंमधले अंतर फार मोठे होते. हिरण्यकेशीच्या खोऱ्यातील एका खेड्यातून विमानाच्या अभिकल्पापर्यंत जाणारी कोणतीही मळलेली वाट त्या काळी नव्हती.

पदवी आणि पदव्युत्तर शिक्षणासाठी ते मुंबईला गेले. तेथील विज्ञान संस्थेतून त्यांनी पदव्युत्तर पदवी मिळविली. ऑक्टोबर १९३२ मध्ये जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून टपाल घेऊन आपले हलके पस मॉथ विमान जुहूच्या मैदानात उतरविले, त्या काळातली ही मुंबई. विमान हा सुशिक्षित तरुणांच्या कुतूहलाचा विषय झाला होता. पण विमान चालविणे आणि विमान रचणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. चालविण्याचे शिक्षण देणारे क्लब तेव्हा देशात निघाले होते. विमान रचण्याचे शिक्षण मात्र भारतातील एकाही विद्यापीठात मिळत नव्हते. शिष्यवृत्ती मिळताच १९३३ साली घाटगे जर्मनीतील ग्योटिंगेन विद्यापीठात दाखल झाले.

ग्योटिंगेनला जाण्याचे कारण होते लुडविग प्रांटल. विमानविद्येला प्रयोगशील कारागिरीतून गणिती शास्त्राच्या पायावर आणणाऱ्यांमध्ये प्रांटल यांचे नाव अग्रभागी घेतले जाते. हवा पंखाच्या पृष्ठभागाला लगटून वाहताना त्या पृष्ठभागालगत एक अतिशय पातळ थर तयार होतो. चिकटपणाचा सगळा परिणाम त्या थरातच साठलेला असतो. हा थर पृष्ठभागाला धरून राहिला तर पंख विमानाला तोलून धरतो. तो सुटला की उचल नाहीशी होते आणि विमान खाली कोसळू लागते. या सीमास्तराची कल्पना प्रांटल यांनी १९०४ साली मांडली. मर्यादित लांबीच्या पंखावर किती उचल मिळेल आणि ती मिळविण्यासाठी किती रोध सोसावा लागेल, याचे गणितही पुढे त्यांच्याच संस्थेत सिद्ध झाले. विमानाचा पंख किती लांब, किती रुंद आणि कोणत्या आकाराचा असावा, हे त्यामुळे अंदाजाने ठरविण्याची गरज उरली नाही. ते कागदावर मांडता येऊ लागले.

घाटगे तेथे पोहोचले ते वर्ष मात्र ग्योटिंगेनच्या इतिहासातील अतिशय काळे वर्ष होते. हिटलरची सत्ता आली होती. माक्स बोर्न, रिचर्ड कूरां, एमी न्योटर अशा थोर ज्यू शास्त्रज्ञांना आणि गणितज्ञांना त्याच वर्षी विद्यापीठातून दूर करण्यात आले. जगाने हेवा करावा अशी गणित व भौतिकशास्त्राची परंपरा काही महिन्यांत विस्कटली. अशा वातावरणात प्रांटल यांच्या हाताखाली संशोधन पूर्ण करून घाटगे यांनी १९३६ साली डॉक्टरेट मिळविली. प्रांटल यांच्याकडे संशोधन करणारे ते पहिले भारतीय विद्यार्थी.

परतल्यावर जो प्रश्न उभा राहिला, तो परदेशी शिकून आलेल्या त्या पिढीतील अनेक शास्त्रज्ञांपुढे होता. शिकलेल्या विद्येचा वापर कोठे करायचा? भारतात विमानाचा कारखाना नव्हता, वातबोगदा नव्हता, आणि विमानविद्येचा स्वतंत्र विभागही नव्हता. काही वर्षे घाटगे यांनी मुंबईत अध्यापन केले. दुसरे महायुद्ध सुरू झाले आणि परिस्थिती पालटली.

सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर संस्थानाच्या सहकार्याने डिसेंबर १९४० मध्ये बंगळुरूत हिंदुस्तान एअरक्राफ्ट या कंपनीची स्थापना केली. जहाज, मोटार आणि विमान या तिन्ही गोष्टी भारतात झाल्याच पाहिजेत, हा वालचंद यांचा ध्यास होता. अमेरिकेतून यंत्रे आणि तंत्रज्ञ आणून त्यांनी कारखाना उभा केला. घाटगे या कारखान्यात अगदी आरंभीच रुजू झाले. हार्लो जातीचे छोटे शिक्षण विमान आणि कर्टिस हॉक लढाऊ विमान येथे जुळविले गेले. परदेशातून आलेल्या आराखड्यांवर आणि सुट्या भागांवर चाललेले हे काम होते. त्याच दिवसांत घाटगे यांनी स्वतःच्या अभिकल्पानुसार दहा आसनांचे एक ग्लायडर तयार केले. जी-१ या नावाचे हे ग्लायडर एकच बांधले गेले. त्याला इंजिन नव्हते, ते पुढे उत्पादनातही गेले नाही. पण बंगळुरूच्या त्या कारखान्यात आराखडा परदेशातून न येता तिथल्याच रेखाटनाच्या मेजावर जन्मलेले ते पहिले उड्डाणयंत्र होते.

युद्ध भारताच्या पूर्व सीमेवर येऊन ठेपल्यावर सरकारने कारखान्याचे व्यवस्थापन ताब्यात घेतले आणि पुढे तो अमेरिकी वायुदलाच्या विमानांच्या दुरुस्तीचे मोठे केंद्र बनला. दुरुस्तीच्या त्या धबडग्यात नव्या अभिकल्पाला जागा उरली नव्हती. घाटगे यांनी हा काळ वेगळ्या प्रकारे उपयोगात आणला. १९४२ च्या अखेरीस भारतीय विज्ञान संस्थेत विमानविद्येचा विभाग सुरू झाला आणि त्याची जबाबदारी त्यांच्याकडे आली. देशातील हा अशा प्रकारचा पहिलाच विभाग. कारखान्यात विमाने दुरुस्त होत होती आणि काही मैलांवर, त्याच शहरात, विमान रचण्याचे शास्त्र भारतीय विद्यार्थ्यांना प्रथमच शिकविले जात होते. विभागात पुढे ५ फूट गुणिले ७ फूट छेदाचा बंदिस्त परिपथाचा वातबोगदा उभा राहिला. विमानाची लहान प्रतिकृती स्थिर ठेवून तिच्यावरून हवेचा मोजलेला झोत सोडायचा आणि प्रत्येक कोनात तिच्यावर पडणारे बल नोंदवायचे, ही सोय झाल्याशिवाय कोणत्याही नव्या विमानाचा अभिकल्प गांभीर्याने हाती घेता येत नाही. माणसे आणि साधने या दोन्हींची तयारी अशा रीतीने स्वातंत्र्याच्या आधीच सुरू झाली होती. सतीश धवन या विभागात १९५१ साली आले. भारतीय अवकाश कार्यक्रमाची पुढील वाटचाल ज्यांना ठाऊक आहे त्यांना या विभागाचे महत्त्व वेगळे सांगण्याची गरज नाही.

स्वातंत्र्यानंतर हिंदुस्तान एअरक्राफ्टपुढे अस्तित्वाचाच प्रश्न होता. युद्ध संपले, दुरुस्तीचे काम आटले. कामगारांच्या हातांना काम हवे म्हणून कारखान्याने रेल्वेचे धातूचे डबे आणि बसचे सांगाडे बनविण्यास आरंभ केला. विमानाच्या बाबतीत ब्रिटिश प्रेंटिस या शिक्षण विमानाचे परवान्यावर उत्पादन चालू झाले. अशा वेळी स्वतःचे विमान रचायचे तर ते कोणते, यावर निर्णय घ्यावयाचा होता. नव्या राष्ट्राच्या उमेदीला शोभेल असे काहीतरी भव्य, वेगवान, लढाऊ विमान निवडण्याचा मोह स्वाभाविक होता. १९४८ मध्ये काम सुरू झाले ते मात्र वायुदलात नव्याने दाखल होणाऱ्या विद्यार्थ्याच्या अगदी पहिल्या विमानावर. तेव्हा वापरात असलेले टायगर मॉथ हे कापडी आवरणाचे, दुहेरी पंखांचे, उघड्या बैठकीचे विमान १९३० च्या दशकातले होते. त्याची जागा घेणारे विमान भारतीयांनी रचावे, असे ठरले. त्याच सुमारास आखलेली प्रगत शिक्षणाची विमाने कागदावरच राहिली. सगळी शक्ती एचटी-२ वर एकवटली.

शिकाऊचे विमान सोपे असते, हा सर्वसाधारण समज खरा नाही. लढाऊ विमान निष्णात वैमानिकाच्या हाती जाते आणि शिकाऊचे विमान ज्याला काहीच येत नाही त्याच्या हाती. ते चुका पोटात घालणारे असले पाहिजे. पण इतकेही क्षमाशील नको की विद्यार्थ्याला आपली चूक कळूच नये. वेग कमी होऊन पंखाची उचल सुटते तेव्हा विमानाने आधी थरथरून सूचना द्यावी. गिरकीत शिरल्यावर ठरावीक कृतीने ते हमखास बाहेर यावे. दिवसातून अनेकदा कठोरपणे जमिनीवर आदळणाऱ्या चाकांनी ते धक्के वर्षानुवर्षे सोसावेत. शिवाय दुरुस्ती छोट्या तळावरील तंत्रज्ञाला साध्या हत्यारांनी करता यावी. या साऱ्या अपेक्षा परस्परांशी झगडतात आणि त्यांचा मेळ घालणे हीच अभिकल्पकाची परीक्षा.

घाटगे आणि त्यांच्या तरुण सहकाऱ्यांनी या परीक्षेला दिलेले उत्तर म्हणजे धातूच्या बांधणीचे, एकेरी खालच्या पंखाचे विमान. पंखाला बाहेरून टेकू किंवा तारा नव्हत्या. सारा भार आतल्या तुळईने पेलायचा होता. विद्यार्थी आणि शिक्षक एकामागे एक बसत आणि त्यांच्यावर काचेचे आच्छादन असे. पंखांचा विस्तार पावणेअकरा मीटरच्या आसपास, लांबी साधारण साडेसात मीटर, पूर्ण भारासह वजन सुमारे एक टन आणि कमाल वेग ताशी २०० किलोमीटरच्या थोडा वर. दोन चाके पुढे आणि एक लहान चाक शेपटीखाली. अशा विमानाचा गुरुत्वमध्य पुढच्या चाकांच्या मागे असल्यामुळे उतरल्यावर धावपट्टीवर ते भरकटू पाहते आणि विद्यार्थ्याला पायांनी सुकाणू अचूक सांभाळायला शिकावेच लागते. इंजिन मात्र ब्रिटिश होते. भारतात विमानाचे इंजिन तयार होत नव्हते, आणि ते होईपर्यंत थांबायचे तर विमानच झाले नसते.

५ ऑगस्ट १९५१ रोजी जमशेद मुन्शी यांनी बंगळुरूच्या धावपट्टीवरून एचटी-२ चा पहिला नमुना आकाशात नेला. त्यात १४५ अश्वशक्तीचे जिप्सी मेजर इंजिन होते. १९५२ च्या फेब्रुवारीत दुसरा नमुना १५५ अश्वशक्तीच्या सिरस मेजर इंजिनासह उडाला आणि उत्पादनासाठी हेच इंजिन निवडण्यात आले. पुढच्या काळात सुमारे १७० विमाने तयार झाली. वायुदल, नौदल आणि नागरी प्रशिक्षण केंद्रे या सर्वांनी ती वापरली. भारतीय वायुदलाच्या वैमानिकांच्या कित्येक तुकड्यांनी आयुष्यातील पहिले एकल उड्डाण या विमानातून केले. पुढे त्यांच्यातीलच अनेकांनी १९६५ आणि १९७१ च्या युद्धांत लढाऊ विमाने चालविली. नव्याने स्वतंत्र झालेल्या घानाने १९५९ साली भारताच्या मदतीने आपले वायुदल उभारले, तेव्हा तेथील पहिल्या शिकाऊंसाठी भारतातून एचटी-२ विमानेच पाठविण्यात आली. ज्या देशात दहा वर्षांपूर्वी स्वतःचे विमान नव्हते, त्याने दुसऱ्या खंडातील एका देशाला उडायला शिकविले होते. १९८० च्या दशकाच्या अखेरपर्यंत, म्हणजे जवळजवळ पस्तीस वर्षे, हे विमान सेवेत टिकले.

एचटी-२ नंतर घाटगे यांचे लक्ष आणखी लहान विमानाकडे वळले. वायुदलाबाहेरच्या नागरिकालाही उडता यावे, यासाठी देशात फ्लाइंग क्लब होते आणि त्यांना सरकारी अनुदान मिळे. परंतु त्यांची विमाने युद्धकाळातील जुनी होती व सुट्या भागांसाठी परकीय चलन लागे. २८ सप्टेंबर १९५८ रोजी उडालेले पुष्पक या गरजेतून आले. अमेरिकेच्या एरोन्का चीफ या विमानाच्या धर्तीवर ते बेतलेले होते. येथे मूळ अभिकल्पाचा हट्ट धरण्यात आला नाही. वरच्या बाजूस टेकू दिलेला पंख, कापडी आवरण, शेजारी शेजारी दोन आसने आणि अवघ्या ९० अश्वशक्तीचे इंजिन. माणसे आणि इंधन धरून सगळे वजन सहाशे किलोच्या आसपास, म्हणजे आजच्या एखाद्या छोट्या मोटारीहूनही कमी. कापड फाटले तर ठिगळ लावून, लेप देऊन ते पुन्हा उडविता येई. अशी दीडशेच्या वर पुष्पक विमाने बांधली गेली आणि देशभरच्या क्लबांमध्ये पोहोचली.

या छोट्या विमानाचे सामाजिक मोल समजून घ्यायचे तर महानगरांबाहेरच्या शहरांकडे पाहावे लागते. इंदूरचे उदाहरण घेण्याजोगे आहे. होळकर संस्थानाने १९३५ साली टाटांच्या सल्ल्याने बिजासन टेकडीनजीकची जागा विमानतळासाठी निवडली. राजवाड्यापासून मल्हारगंज आणि बडा गणपती ओलांडून पश्चिमेकडे निघालेली वाट तेथे पोहोचते. मल्हारराव होळकरांचे नाव मिरविणाऱ्या, दाट वस्तीच्या मल्हारगंजासारख्या जुन्या पेठेतील मुलाला विमान डोक्यावरून जाताना दिसत असे. पण त्यात बसणे हे संस्थानिकांचे आणि धनिकांचे काम, अशीच त्याची समजूत असायची. इंदूरला मध्य प्रदेश फ्लाइंग क्लब उभा राहिला आणि अशा शहरांतील मध्यमवर्गीय तरुणालाही वैमानिकाचा परवाना मिळविण्याची वाट खुली झाली. तासाला थोडेच इंधन जाळणारे, गावातच दुरुस्त होणारे आणि आयातीवर अडून न राहणारे विमान उपलब्ध असणे ही त्या वाटेची पूर्वअट होती. मोठी विमाने देशाची प्रतिष्ठा वाढवितात आणि लहान विमाने वैमानिक घडवितात, हे घाटगे यांच्या कामातून स्पष्ट दिसते.

पुष्पकचाच विस्तार करून कृषक हे विमान तयार झाले आणि नोव्हेंबर १९५९ मध्ये त्याने पहिले उड्डाण केले. अधिक शक्तीचे इंजिन आणि मागे जादा आसन असलेले हे विमान लष्कराच्या तोफखान्याने निरीक्षणासाठी स्वीकारले. आखूड, ओबडधोबड पट्टीवर उतरायचे, शत्रूच्या तोफांचा ठाव घ्यायचा आणि आपल्या तोफांचा मारा अचूक करण्यासाठी वरून सूचना द्यायच्या, असे हे जोखमीचे काम. सत्तरच्या आसपास कृषक विमाने बांधली गेली. १९७१ च्या युद्धात त्यांनी सेवा केली आणि पुढे हेलिकॉप्टरांनी त्यांची जागा घेतली.

एका विमानातून दुसरे विमान उगवावे, ही पद्धत या साऱ्यात दिसते. एचटी-२ वर काम शिकलेल्या माणसांनी पुष्पक आणि कृषक केले. त्याच अनुभवाच्या बळावर १९६० च्या सुमारास घाटगे यांच्या नेतृत्वाखाली जेट शिक्षण विमानाचे काम हाती घेण्यात आले. ४ सप्टेंबर १९६४ रोजी सुरंजन दास यांनी किरण हे विमान प्रथम उडविले. विद्यार्थी आणि शिक्षक शेजारी शेजारी बसणारे हे विमान पुढील चार दशकांहून अधिक काळ वायुदलाच्या आणि नौदलाच्या प्रशिक्षणाचा कणा ठरले. गोमंतकीयांना ते अपरिचित नाही. दाबोळीच्या आयएनएस हंसा तळावरून नौदलाची किरण विमाने नित्य उडत आणि नौदलाच्या सागर पवन या कसरती पथकानेही हीच विमाने वापरली. वायुदलाच्या सूर्यकिरण पथकाच्या नावातही या विमानाचे नाव गुंफलेले आहे.

याच वर्षांत जर्मन अभिकल्पक कुर्ट टांक बंगळुरूत मरुत या जेट लढाऊ विमानावर काम करीत होते. जून १९६१ मध्ये ते उडाले आणि आशियातील अभिकल्पाच्या इतिहासात त्याची नोंद झाली. टांक यांच्यासारख्या जगद्विख्यात तंत्रज्ञाला येथे काम करता आले, कारण विमानाचा आराखडा वाचणारे, भाराचे गणित करणारे आणि धातूच्या पत्र्याला अचूक आकार देणारे शेकडो हात एचटी-२ च्या निमित्ताने अगोदरच तयार झाले होते. मरुतला अपेक्षित शक्तीचे इंजिन अखेरपर्यंत मिळाले नाही आणि त्यामुळे ते आपल्या पूर्ण क्षमतेने कधीच उडू शकले नाही. इंजिनाचे परावलंबन एचटी-२ पासून चालत आले होते. शिक्षण विमानात ते खपून गेले. लढाऊ विमानात मात्र तीच उणीव निर्णायक ठरली.

मराठी वाचकांच्या स्मृतीत विमानाचे नाव निघाले की बहुधा आठवतात ते शिवकर बापूजी तळपदे. मुंबईच्या चौपाटीवर १८९५ साली त्यांनी मरुत्सखा नावाचे विमान उडविल्याची कथा पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते, तिच्यावर चित्रपटही निघाला. त्या उड्डाणाला समकालीन पुराव्याचा आधार मिळालेला नाही. या कथेशी जोडल्या जाणाऱ्या वैमानिकशास्त्र या ग्रंथाची तपासणी १९७४ साली भारतीय विज्ञान संस्थेतील अभ्यासकांनी केली. त्यात वर्णिलेली याने उडू शकत नाहीत आणि हा ग्रंथ प्राचीन नसून विसाव्या शतकातील आहे, असा निष्कर्ष त्यांनी काढला. या तपासणीत जो विमानविद्या विभाग सहभागी होता, तो घाटगे यांनी सुरू केलेला होता. तळपदे यांच्या जिज्ञासेला कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु ज्या मराठी माणसाचे विमान खरोखर उडाले, शेकडो वैमानिकांना घेऊन पस्तीस वर्षे उडत राहिले, त्याचे नाव शालेय पाठ्यपुस्तकांच्या बाहेर राहावे आणि दंतकथेला रुपेरी पडदा मिळावा, ही विसंगती बोचणारी आहे. दंतकथेला वजन, वेग आणि इंधन यांचा हिशेब द्यावा लागत नाही. घाटगे यांचे सारे आयुष्य त्या हिशेबात गेले.

१९६५ साली भारत सरकारने त्यांना पद्मश्री देऊन गौरविले. भारतीय विमानविद्या परिषदेच्या, म्हणजेच एरोनॉटिकल सोसायटी ऑफ इंडियाच्या उभारणीतही त्यांचा वाटा होता. ही परिषद त्यांच्या नावाने पुरस्कार देते आणि बंगळुरूत हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या सभागृह संकुलालाही त्यांचे नाव आहे. ६ डिसेंबर १९९१ रोजी त्यांचे निधन झाले. त्यापूर्वी दोनेक वर्षे एचटी-२ वायुदलातून निवृत्त झाले होते.

त्यांनी घालून दिलेला धडा पुढे किती पाळला गेला, याचा विचार केल्याशिवाय हे चरित्र पूर्ण होत नाही. पुष्पकचे उत्पादन १९६० च्या दशकाच्या अखेरीस थांबले आणि त्याची सुधारित आवृत्ती सातत्याने काढीत राहण्याचा क्रम चालू राहिला नाही. फ्लाइंग क्लब पुन्हा परदेशी विमानांकडे वळले. आज उडण्याजोगे पुष्पक दिसणे ही दुर्मीळ घटना मानली जाते. एचटी-२ नंतर आलेल्या एचपीटी-३२ दीपक या विमानाला इंजिन बंद पडण्याच्या तक्रारींनी ग्रासले आणि २००९ मधील एका जीवघेण्या अपघातानंतर ती सर्व विमाने जमिनीवर उभी करण्यात आली. वायुदलाच्या नव्या विद्यार्थ्याला पहिले धडे देण्यासाठी देशात योग्य विमानच उरले नाही. अखेरीस स्वित्झर्लंडहून पिलाटस विमाने विकत आणावी लागली. १९५१ साली ज्या देशाने हा प्रश्न स्वतःच्या बळावर सोडविला होता, त्याला साठ वर्षांनी तोच प्रश्न पैसे मोजून सोडवावा लागला. आता बंगळुरूतच रचलेले एचटीटी-४० हे विमान २०१६ मध्ये उडाले आणि २०२३ साली अशा ७० विमानांचा करार झाला आहे. तुटलेला धागा पुन्हा जोडला जात आहे, पण मधल्या काळातील अभिकल्पकांच्या एका पिढीचा अनुभव त्यात परत मिळणार नाही.

विमानाचा अभिकल्प ही पुस्तकातून एकदा शिकून कायमची साठवून ठेवण्याची विद्या नाही. एक विमान संपते तोवर दुसऱ्याचे रेखाटन मेजावर असावे लागते आणि जुन्या माणसाच्या शेजारी नवा माणूस बसलेला असावा लागतो. ग्लायडरपासून एचटी-२, तेथून पुष्पक, कृषक आणि किरण ही घाटगे यांनी पंचवीस वर्षे अखंड ठेवलेली साखळी त्यांच्या कोणत्याही एका विमानापेक्षा मोलाची होती. देश पुन्हा एकदा नवे शिक्षण विमान उत्पादनात आणत असताना हसूरचंपूच्या या अभिकल्पकाकडून घेण्यासारखे सर्वांत महत्त्वाचे काही असेल, तर ते हे सातत्यच.